बाग कमावली, भाव मिळाला

गेल्या हिवाळ्यात विदर्भातल्या आमच्या काटोलला दहावी-बारावीच्या पोरांसाठी मार्गदर्शनाचा एक कार्यक्रम होता. वक्ते बाहेरगावचे, कोट-टाय घातलेले, बोलण्यात वाकबगार. त्यांनी फळ्यावर ‘अर्न’ हे इंग्रजी क्रियापद मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि विचारलं, याला मराठीत काय म्हणाल? पोरं एका सुरात म्हणाली, “कमावणे.” वक्ते हसले. हसण्याचा अर्थ असा, की तुम्ही जाळ्यात सापडलात.

मग तीन मुद्दे आले. पहिला: कमावणे म्हणजे नुसते पैसे, इंग्रज माणूस आदर ‘अर्न’ करतो, विश्वास ‘अर्न’ करतो, आपल्याकडे त्याला शब्दच नाही. दुसरा: मराठी माणूस म्हणतो, ‘मला पगार मिळतो’. मिळतो, जणू रस्त्यात सापडला! इंग्रज म्हणतो, मी पगार ‘अर्न’ करतो. ज्या भाषेत सगळं ‘मिळतं’, त्या भाषेतली माणसं हात पसरूनच बसणार. तिसरा: ‘अर्न’मध्ये लायकी आहे. जो ‘अर्न’ करतो तो त्या पैशाला लायक असतो. तेव्हा घरी जाऊन बघा, तुमच्या घरात कमावतं कोण आणि बसून खातं कोण.

टाळ्या पडल्या. मीही मागच्या रांगेत होतो. याच तालुक्यात इंग्रजी शिकवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, ‘अर्न’ची रूपं फळ्यावर मीच शेकडो वेळा लिहिली. पाहुण्याला भर सभेत टोकायचं कसं, म्हणून गप्प बसलो. पण पोरं ते वहीत उतरवून घरी गेली आहेत, आणि त्यांच्या घरी आई आहे. म्हणून आता बोलतो.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू. कमावणे म्हणजे नुसते पैसे, हे ज्यानं म्हटलं त्यानं आखाडा पाहिला नसावा. पहिलवानाचं शरीर कमावलेलं असतं. गवयाचा आवाज कमावलेला असतो, असं म्हणण्यात पैशाचा वास तरी येतो का? दगडगोटे वेचून, बांध घालून, गाळ-शेणखत टाकून वर्षानुवर्षं सुधारलेल्या वावराला आपण कमावलेली जमीन म्हणतो. माणूस नाव कमावतो, पत कमावतो, पुण्य कमावतो, आणि अंत्ययात्रेची गर्दी पाहून लोक म्हणतात, “पैसा नाही कमावला, पण माणसं कमावली.” आदर आणि विश्वास यांना शब्द नाही म्हणणाऱ्यानं एवढं एक वाक्य ऐकलं असतं तरी फळा वाचला असता.

आणि कातडं. ‘कातडं कमावणे’ हा प्रयोग आता शहरात ऐकू येत नाही, पण या क्रियापदाचं खरं पोट तिथं आहे. ओलं कातडं आधी चुन्याच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे केस सुटतात. मग एका बाजूनं केस आणि दुसऱ्या बाजूनं मांस-चरबी खरवडून काढायची. चुना धुऊन घालवायचा. मग बाभळीच्या नाहीतर तरवडाच्या सालीच्या, हिरड्याच्या पाण्यात ते मुरत ठेवायचं. आधी फिकं पाणी, मग कडक, मग आणखी कडक. घाई केली तर वरून रंग धरतं आणि आत कच्चं राहतं, म्हणजे सडतं. नीट केलं तर सडणारी वस्तू टिकणारी होते. या सगळ्याला मराठीत एकच शब्द आहे: कमावणे. संस्कृत ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’, त्यातून ‘काम’ आणि त्याच घरातलं ‘कमावणे’. कातडं, शरीर, आवाज, जमीन यांत समान काय आहे ते पाहा. वस्तूवर काम होतं, वेळ जातो, आणि शेवटी ती वस्तू पहिल्यासारखी राहत नाही. पैसा हा या क्रियापदाच्या अनेक कर्मांपैकी एक. शब्द अरुंद नव्हता, आपणच तो पाकिटात मावेल एवढा घडी घालून ठेवला.

गंमत अशी, की ज्या ‘अर्न’चा एवढा थाट मांडला, त्याचं गोत्रही शेतकऱ्याचंच आहे. जुन्या इंग्रजीतलं ‘अर्नियन’ ज्या मुळातून आलं, त्या मुळाचा अर्थ सुगीशी बांधलेला आहे. जर्मन भाषेत आजही सुगीला ‘एर्न्टे’ म्हणतात. जुन्या गॉथिकमध्ये सुगी म्हणजे ‘असान्स’. त्याच कुळातला जुन्या इंग्रजीतला ‘एस्ने’ हा शब्द दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या गड्याला लावत. म्हणजे वक्त्यांच्या फळ्यावरच्या शब्दाच्या मागं हातात विळा घेतलेला एक सालदार उभा होता, आणि वक्ते त्याच्याकडे पाठ करून बोलत होते. फ्रेंच लोक कमावण्याला ‘गान्ये’ म्हणतात, त्याचं मूळ चारा-शिकार शोधत हिंडण्यात आहे. जर्मनांच्या ‘फेर्डीनेन’मध्ये चाकरी आहे. आपल्या शब्दात काम आहे. सगळ्यांचे शब्द गावाकडूनच आले आहेत. एकाला कोट घालायचा आणि दुसऱ्याला धोतरावरून हसायचं, हा भाषेचा अभ्यास नव्हे.

लायकीचा अर्थ ‘अर्न’मध्ये जुन्या काळापासून आहे, हे मात्र वक्त्यांचं खरं. ते मी नाकारत नाही. त्या अर्थानं घोटाळा काय होतो, त्याकडे नंतर येतो.

आता दुसरा मुद्दा: ‘मिळतो’. आधी ‘सापडणे’ निकालात काढू. आयतं सापडणं म्हणजे काय, हे निदान काटोलकरांना शिकवायला येऊ नये. २२ मे २०१२ च्या दुपारी मोठा आवाज झाला आणि आमच्या गावावर, आसपासच्या वावरांत आकाशातून दगड पडले. उल्कापाषाण होते ते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं गोळा करायला आली आणि जगाच्या नोंदीत ‘काटोल’ नावाची उल्का दाखल झाली. त्या दिवशी ज्याच्या अंगणात दगड आला, तो “मला दगड सापडला” म्हणाला. “मिळाला”सुद्धा फारसं कुणी म्हणालं नसेल, “कमावला” तर कुणीच नाही. सापडणे, मिळणे, लाभणे, जोडणे, कमावणे, उपटणे, लाटणे. ही सगळी वेगळी क्रियापदं आहेत आणि त्यांतलं कोणतं कुठं लावायचं हे अडाणी म्हणवणाऱ्या माणसालाही चुकत नाही.

मग ‘मला पगार मिळतो’ यात दुबळेपणा आहे का? मराठीत ‘मला भूक लागते’, ‘मला आठवतं’, ‘मला तू आवडतेस’. या वाक्यांत ‘मी’ कर्ता नाही म्हणून मराठी माणूस प्रेम करत नाही, त्याच्या नुसतं अंगावर येतं, असं म्हणायचं का? वाक्यरचनेवरून माणसाची कुंडली मांडायची तर इंग्रजही ‘गेट पेड’ म्हणतो. त्याला पैसे दिले जातात. त्याच्या कण्याबद्दल कुणी शंका घेत नाही.

पण एवढं बोलून मी थांबणार नाही, कारण ‘मिळणे’ या क्रियापदाचा कसूर नाही, उलट त्याच्यात शहाणपण आहे. ते बघायला संत्र्याच्या बगीच्यात या.

आमच्या काटोल-नरखेडकडे आणि पलीकडे वरूड-मोर्शीकडे आयुष्य बहारावर मोजतात. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, फळ दिवाळीच्या आगेमागे. मृग बहाराची फुलं पावसाच्या तोंडावर, फळ फेब्रुवारीपासून पुढं. आणि फुलं हवी असतील तर झाडाला आधी ताण द्यावा लागतो. म्हणजे पाणी तोडायचं. हिरव्यागार झाडाची पानं डोळ्यांदेखत मलूल होऊ लागतात, विहिरीत पाणी असतं, पंपाचं बटण हाताशी असतं, आणि माणूस हात बांधून बसलेला असतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल, हा रिकामा बसला आहे. तो रिकामा नसतो. रोज सकाळी पान हातात घेऊन पाहतो, माती मुठीत दाबून पाहतो. जमीन हलकी असेल तर ताण कमी दिवस, भारी काळी असेल तर जास्त. दोन दिवस चुकले तर फूल कमी येतं, आठ दिवस चुकले तर फांदी वाळते. मग पाणी सोडायचं, आणि पांढऱ्या फुलांच्या वासानं अख्खं शिवार भरतं.

त्याआधी जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेलं कलम लावून चार-पाच वर्षं फळाशिवाय सांभाळलेलं असतं. खोडाला बोर्डो मलम लावलेलं असतं, डिंक्या लागू नये म्हणून. कोळशी आली की फवारणी. पावसाळ्यात फळगळ सुरू झाली की सकाळी झाडाखाली पिवळी-हिरवी फळं मोजण्याचा जीवघेणा उद्योग. याला म्हणतात बाग कमावणे.

मग व्यापारी येतो. झाडाझाडाखालून फिरतो, मान वर करून नजरेनं अंदाज घेतो, चुरी किती आणि मोठा माल किती ते मनात धरतो, आणि उक्ता आकडा बोलतो. पटलं तर इसार देतो. त्या आकड्यात शेतकऱ्याचा हात किती? नागपूरच्या कळमना बाजारात त्या आठवड्यात आवक किती, गारपीट कुठं झाली, बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क आणखी किती वाढवलं, यावर तो ठरतो. ढाक्यातला एक सरकारी कागद बदलतो आणि काटोलच्या झाडावरचं फळ स्वस्त होतं. त्याच झाडाचं, त्याच पाण्याचं, त्याच ताणाचं फळ.

म्हणून आमचा शेतकरी कधीही ‘भाव कमावला’ म्हणत नाही. तो म्हणतो, “औंदा भाव बरा मिळाला.” नाहीतर म्हणतो, “भाव नाई मिळाला जी.” बाग कमावली हे त्याच्या हातातलं, भाव मिळाला हे दुसऱ्याच्या हातातलं. दोन क्रियापदांनी त्यानं आपल्या आयुष्याचा नेमका हिशेब मांडलेला असतो. त्याला ‘मी अमुक लाख अर्न केले’ असं म्हणायला लावा. चांगल्या वर्षी त्याची छाती फुगेल. पण ज्या वर्षी बगीचा भरलेला आणि भाव मातीमोल, त्या वर्षी तेच क्रियापद त्याला सांगेल, की तू ‘अर्न’ केलं नाहीस, म्हणजे तू लायक नव्हतास. ज्या विदर्भात कर्जाखाली माणसं जीव देतात, तिथं हे वाक्य पोरांच्या वहीत घालताना हात थरथरायला हवा होता.

इथंच तिसरा मुद्दा येतो, आणि खरा घोटाळा तोच आहे. काम किती केलं, हातात किती आलं, आणि किती यायला हवं होतं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. इंग्रजीतलं ‘अर्न’ या तिघांची एकच मोळी बांधतं. एकदा मोळी बांधली की ज्याच्या हातात जास्त आलं, त्यानं जास्त काम केलं असणार आणि तो तेवढ्याला लायकच असणार, हे आपोआप सिद्ध! सिद्ध करायला काहीच लागत नाही, क्रियापदच साक्षीदार होतं.

या क्रियापदाला इंग्रजीतच आणखी काय काय करायला लावतात ते पाहा. बँकेतली ठेव व्याज ‘अर्न’ करते. मालक रात्री घोरत असतो आणि पैसा सुगीवर गेलेला असतो! आपण काय म्हणतो? व्याज येतं, व्याज चढतं, व्याज मिळतं. “पैशाकडे पैसा जातो” ही म्हण आपल्या आजीनं अर्थशास्त्र न वाचता केली. तिनंही पैशाला जायला लावलं, राबायला लावलं नाही. आता जाहिरातींच्या मराठीत “तुमच्या पैशाला कामाला लावा” ऐकू येतं. पैसा कामाला लागला असेल तर त्याला एकदा मे महिन्यात आमच्या बगीच्यात आळी करायला पाठवा.

जमिनीचं तसंच. नागपूरहून काटोलकडे येणारा रस्ता सुधारला तसे त्याच्या कडेच्या वावरांचे भाव चढले. ज्यानं वावर विकून नवी गाडी घेतली, त्यानं त्या भावासाठी काय केलं? रस्ता त्यानं बांधला नाही, शहर त्यानं वाढवलं नाही. इंग्रजांनाही हे कळत होतं. एकोणिसाव्या शतकात जॉन स्टुअर्ट मिल यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी जमिनीच्या अशा वाढीला ‘न कमावलेली वाढ’ मानून तिच्यावर समाजाचा हक्क सांगितला. आपल्या तहसील कचेरीत त्याचं नातवंड आजही नांदतं: सरकारनं दिलेली भोगवटादार वर्ग दोनची जमीन विकायची परवानगी घेताना ‘अनर्जित रक्कम’ भरावी लागते. अनर्जित, म्हणजे न कमावलेली. महसूल खात्याच्या रुक्ष मराठीला जे कळलं, ते व्यक्तिमत्त्व विकासाच्या रसाळ मराठीला कळू नये, याला काय म्हणावं?

तरी एक युक्तिवाद उरतो. कुणी म्हणेल, वारसा, व्याज, जमीन सोडा. शिकून-सवरून नोकरी करणाऱ्याचं काय? ते तर शंभर टक्के त्याचं. मराठीत त्याला ‘स्वकष्टार्जित’ असा सुंदर शब्द आहे. कायद्याची इंग्रजी अशा मिळकतीला नुसती स्वतः संपादन केलेली म्हणते, आपण तीत कष्ट घातले. आणि दुसऱ्या बाजूला ‘वडिलोपार्जित’. म्हणजे तुला आयतं आलं असेल, पण कुणीतरी ते कमावलं होतं, याची आठवण शब्दातच. पण या दोन शब्दांच्या मध्ये एक जुनं भांडण आहे. घरानं पोटाला चिमटा घेऊन एका मुलाला शिकवलं, तो मोठा झाला. त्याची कमाई कुणाची? धर्मशास्त्रात याला ‘विद्याधन’ म्हणत आणि त्यावर वाद घालत. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलनं, एकत्र कुटुंबाच्या खर्चानं शिकून आयसीएस झालेल्या माणसाची कमाई कुटुंबाची ठरवली. मग बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी विधेयक मांडलं आणि १९३० साली कायदा झाला, की शिक्षणाच्या जोरावर मिळवलेलं ज्याचं त्याचं. कायदा योग्यच होता. शिकलेल्या माणसाला भाऊबंदांच्या तावडीतून सोडवणं गरजेचं होतं. पण कायद्यानं मालकीचा प्रश्न सोडवला, ऋणाचा नव्हे. काटोलच्या बसस्टँडवरून नागपूरला क्लासला जाणाऱ्या पोराच्या पासाचे पैसे कुठून आले हे त्याला ठाऊक असतं. पुढं त्याचा पगार पुण्या-मुंबईत जमा होईल तेव्हा तो स्वकष्टार्जित असेलच. त्यातला ‘स्व’ एकट्याचा नसेल, एवढंच.

आता घराकडे वळतो, कारण वक्त्यांनी पोरांना घराकडेच पाठवलं आहे. कमावतं कोण आणि बसून खातं कोण, हे बघायला.

हा प्रश्न मी स्वतः घरोघर विचारला आहे. २०११ च्या जनगणनेत शिक्षक म्हणून प्रगणकाचं काम माझ्याकडं आलं होतं. ९ ते २८ फेब्रुवारी, म्हणजे मृग बहाराची तोड सुरू होण्याचे दिवस. एका घरी गेलो. घरधनी खाटेवर बसला होता. माणसं किती, शिक्षण काय, सगळं त्यानं सांगितलं. मग मी विचारलं, “बाई काय करतात?” तो म्हणाला, “काई नाई जी, घरीच राह्यते.” बाई त्या वेळी ओसरीवर बसून संत्र्याचे ढीग लावत होती. मोठा माल एकीकडे, चुरी दुसरीकडे, डाग पडलेलं तिसरीकडे. हात एका लयीत चालले होते, फळ उचललं की ते कोणत्या ढिगात जाणार हे बोटांना आधीच कळत होतं. सकाळी बैलांचं शेणमूत तिनंच काढलं असणार, दुपारी तोडायला गेलेल्या बायांसाठी पाणी तीच नेणार. मी तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही काही कमावता का?” तिनं पदर सावरला आणि म्हणाली, “मी काय कमावतो जी! मालक कमावते.”

मी लिहिलं: घरकाम. काम न करणाऱ्यांच्या गटात.

दोष जनगणनेच्या कागदाचा नव्हता. घरच्या शेतात मोबदल्याशिवाय केलेलं कामही काम म्हणून धरायचं, असं आम्हाला प्रशिक्षणात स्पष्ट सांगितलं होतं. मी विचारायला हवं होतं, बगीच्यात काय काय करता? मी विचारलं, कमावता का? आणि तेही पाकिटात घडी घातलेल्या अर्थानं. माझ्या एका चुकीच्या क्रियापदामुळं ती बाई देशाच्या हिशेबात रिकामी ठरली. अशी घरं त्या वीस दिवसांत किती झाली, ते आता मोजता येत नाही.

न्यायालयांनाही हे उमजायला वेळ लागला. १९९४ साली मोटार वाहन कायद्याला जे परिशिष्ट जोडलं, त्यात अपघातात गेलेल्या ‘न कमावत्या’ जोडीदाराचं उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरायची सोय होती. म्हणजे बाईच्या कामाची किंमत तिच्या हातांवरून नाही, नवऱ्याच्या पगारावरून! २००१ साली लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गृहिणींच्या कामाची किंमत महिना ३००० रुपये धरली. २०१० साली दुसऱ्या एका निकालात, जनगणना घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवते, यावर न्यायालयानं नाराजी नोंदवली. जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा हाच प्रश्न आला तेव्हा न्यायालयापुढं २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचे आकडे होते: बिनमोबदल्याच्या घरकामात स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. पाच तास. रोज. रविवारीसुद्धा. नोकरदाराच्या खात्यावर अर्जित रजा जमा होते. या पाच तासांवर एक दिवसाची रजा कधी कुणी जमा केली?

तेव्हा पोरांनो, घरी जाऊन बघाच, कमावतं कोण. पण ‘कमावणे’ पूर्ण अर्थानं घेऊन बघा. कच्चं ते पक्कं करणं, सडणारं ते टिकवणं, पडीक ते पिकतं करणं. त्या मापानं मोजलं तर ओसरीवरची बाई घरातली सगळ्यांत मोठी कमावती निघेल. तिला जे मिळत नाही, तो तिच्या लायकीचा पुरावा नव्हे. तो आपल्यावरचा बोजा आहे.

आता माझ्याच बाजूवर एक आक्षेप घेतो, कारण तो कुणीतरी घेणारच आणि घ्यायलाच हवा. मास्तर, शब्दाचे गोडवे गाऊन पोट भरत नाही. मराठीत एवढा थोर शब्द होता, मग कातडं कमावणाऱ्याला तुम्ही काय दिलंत? हा वार खरा आहे आणि तो मला लागतो. ज्याच्या कामाला आपण अक्षरशः ‘कमावणे’ म्हटलं, त्याला गावाबाहेर ठेवलं. हिंदीत तर दुसऱ्याचा संडास हातानं साफ करण्यालाही ‘कमाना’ म्हणत आले. सगळ्यांत खडतर कामाला हे क्रियापद दिलं आणि कमाई दुसरीकडं वळवली. म्हणजे मराठी शब्दात काम आणि मोबदला वेगळे राहिले, याचा उपयोग समाजानं दोन्ही प्रकारे केला: शेतकऱ्यानं स्वतःचा हिशेब खरा ठेवायला, आणि गावानं दुसऱ्याचा हिशेब बुडवायला.

भाषा न्याय करत नाही, हे मान्य. पण ती अन्याय दिसेल एवढी फट ठेवते. ‘त्यानं कमावलं आणि त्याला मिळालं नाही’ हे वाक्य मराठीत सरळ बोलता येतं, ऐकणाऱ्याला झोंबतं. ‘अर्न’ला लायकीचा कोट घालून तो मराठीत आणला, तर ज्याला मिळालं नाही त्यानं कमावलंच नाही, एवढंच उरेल. ही फट बुजेल. माझं भांडण इंग्रजीशी नाही. तिच्यावर माझं घर चाललं. माझं भांडण ही फट बुजवण्याशी आहे.

आमच्याकडच्या विहिरींवर पंप बसण्याआधी मोट चालायची. म्हातारी माणसं सांगतात, बैल उतारावर जायचे, सोंड थारोळ्यात ओतायची, आणि पाणी पाटानं झाडाच्या आळ्यात जायचं. ती मोट चामड्याची होती. काटोलच्या जुन्या संत्र्याच्या बागा ज्या पाण्यावर उभ्या राहिल्या, ते पाणी कुणीतरी कमावलेल्या कातड्यातून वर आलं. त्या बागेच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही, कमाईत त्याचा वाटा नाही. पण ‘बाग कमावली’ म्हणताना आपण वापरतो ते क्रियापद त्याच्या हातचं आहे.

२०२७ ची जनगणना येते आहे. त्या दिवशी फळ्यापुढं बसलेल्या पोरांपैकी कुणी ना कुणी पुढं मास्तर होईल आणि आज ना उद्या हातात यंत्र घेऊन दारोदार फिरेल. त्याला माझी एवढीच विनंती. ओसरीवर एखादी बाई संत्र्याचे ढीग लावत बसलेली दिसली, तर खाटेवरच्या माणसाला काही विचारू नको. खाली बस, एक फळ हातात घे, आणि तिलाच विचार, “हे कोणत्या ढिगात टाकू, काकू?”